सगळं त्यात आलं

दिवस पाचवा. मत्माता. वीस मिनिटं.
जमिनीत खणलेलं घर, भिंतीवर रंगवलेला मासा,
जात्यावर दळणारी बाई,
भाकरी, ऑलिव्हचं तेल, मध :
सगळं त्यात आलं.
बाईचं हसू आलं, फोटो आले.
बक्षिसी आली नाही,
ती ज्याच्या त्याच्या मनावर.

मी मोजतो.
दिवसातून अकरा वेळा मोजतो,
तोंडाने जर्मनमध्ये, मनात आमच्या बोलीत.
मनगटावर निळा पट्टा, वर एक डोकं. पुढचं.
सव्वीस यायला हवेत.
सत्तावीस आले.

शेवटून दुसऱ्या बाकावर मब्रूका,
जिचं घर आत्ताच पाहून झालं होतं.
हाताला पीठ तसंच,
मांडीवर पोळपाटाहून मोठा तपकिरी लिफाफा.
'लझहरने चढवलं,' म्हणाली.
'गाबेसच्या दवाखान्यात अकराची वेळ आहे.
शेअर टॅक्सी आठ जण झाल्याशिवाय हलत नाही,
आणि आज जाणारी मी एकटी.'
आरशात लझहर समोर बघत होता,
जणू हा रस्ता जन्मात पहिल्यांदा दिसला.

'आणि असं बोट रोखून मोजू नकोस रे,
दृष्ट लागते.
आम्ही शेळ्या मोजतो तेव्हा
कुत्राही धरतो.
तू स्वतःला धरलंस का?'

पुढून डीटमारने विचारलं,
ही कार्यक्रमात आहे का? गाणार आहे का?
हो, मी म्हणालो. नाही, गाणार नाही.
कंपनीकडून छोटीशी भेट.
टाळ्या.
'काय म्हणतायत?'
'तुझ्या गुडघ्याचं विचारतायत.'
तिने छातीवर हात ठेवून
सव्वीस जणांना पोरंबाळं मागितली, पाऊस मागितला,
जिना चढणारे पाय मागितले.
मी भाषांतर केलं :
आमच्या देशात आपलं स्वागत आहे.

पाच दिवसांत एक शब्द न बोललेली,
एकही फोटो न काढलेली इर्मगार्ड
तेवढी उठली, तिच्याशेजारी जाऊन बसली,
लिफाफ्यातून काळी फिल्म काढली
आणि बसच्या काचेला लावली.
उजेड हाडांतून आत आला.
गुडघ्याच्या फटीतून
बांधाआड अडवलेल्या मातीतली ऑलिव्हची झाडं
एकामागून एक सरकत गेली,
एक गाढव गेलं,
पेट्रोलचे कॅन मांडून बसलेला पोरगा गेला.

चाळीस वर्षं हाडांच्या वॉर्डात होते, इर्मगार्ड म्हणाली.
मग आणखी एक वाक्य म्हणाली,
हळू, फक्त मला :
हे दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

मब्रूका माझ्या तोंडाकडे बघत होती.
एकोणीस वर्षं मी सांगत आलोय
रोमनांचे दगड, गालिच्यांचे भाव,
उंटाचा स्वभाव, संडास कुठे.
हे वाक्य खजुराच्या बीसारखं
गालात धरून उभा राहिलो.
गिळता येईना, थुंकायला जागा नाही.

'राहू दे,' तीच म्हणाली.
'तिचा हात गार आहे. बरा वाटतोय.'

गाबेसला ती पाठमोरी उतरली,
आधी एक पाय, मग दांडा, मग दुसरा,
विहिरीत उतरतात तशी.
दवाखान्याच्या फाटकापर्यंत इर्मगार्ड सोबत गेली.
आम्हाला सात मिनिटं उशीर झाला.
डीटमारने घड्याळ पाहिलं,
ते त्याने नंतर लिहूनही दिलं.

मी मोजले. सव्वीस.
लझहर आरशातून म्हणाला,
'कुत्रे दोन.'

बाकावर फडक्यात भाकरी राहिली होती,
अजून कोमट.
मोडली, अर्धी त्याला दिली.
एका हाताने गाडी, एका हाताने भाकरी,
स्फॅक्सपर्यंत आम्ही काही बोललो नाही.
तेल माझ्या हातातल्या कागदाला लागलं,
कार्यक्रमाच्या, नेमकं दिवस पाचव्यावर.
कागद तिथे उजेडासारखा झाला
आणि त्यातून मागचं पान वाचता यायला लागलं,
उलटं.